साथ ओसरल्यावरचं देणं

१७१३ साली व्हिएन्नात प्लेग होता. त्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. साथ सरू दे, तुझ्या नावाने चर्च बांधीन, असा नवस सम्राट सहावा कार्ल एका संताला बोलला आणि साथ ओसरल्यावर त्याने तो फेडायला घेतला. १७१६ मध्ये काम सुरू झालं. आराखडा योहान बर्नहार्ड फिशर फॉन एर्लाख या वास्तुकाराचा होता. तो १७२३ मध्ये वारला. मग त्याचा मुलगा योझेफ इमानुएल याने ते काम हाती घेतलं आणि १७३७ मध्ये पुरं केलं. बोलणं आणि फेडणं यांत चोवीस वर्षं गेली. साथीच्या वर्षात जन्मलेली मुलं तोवर स्वतः आईबाप झाली असतील, आणि प्लेग म्हणजे काय हे त्यांना घरातल्या थोरांकडूनच कळलं असेल. त्या साऱ्यांसाठी हे कार्ल्सकिर्ख उभं राहिलं. बरोक शैलीतली ही वास्तू बघायला आज जगभरातून लोक जातात.

नवस म्हणजे काय हे नाशिककरांना समजावून सांगावं लागत नाही. आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीपुढे लोक हात जोडून काय बोलत असतील ते ओळखता येतं. चैत्रात खानदेशातून पायी निघालेले लोक सप्तशृंगीचा गड चढतात, त्यातले कितीतरी नवसाचं देणं घेऊन आलेले असतात. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई-वसईहून येणाऱ्यांच्या मेणबत्त्यांशेजारी आपल्या शेजारच्या काकूंचीही मेणबत्ती असते आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नाही. या बाळ येशूची भक्तीही प्रागमधल्या एका जुन्या चर्चमधून जगभर पसरली. तिथल्या कार्मेलाइट साधूंना ती छोटी मूर्ती १६२८ मध्ये मिळाली होती.

पण आपले हे नवस घरापुरते असतात. पोराला नोकरी लागू दे, सुनेची सुटका नीट होऊ दे, आईचं ऑपरेशन पार पडू दे. संकट घराचं, नवस घराचा आणि पेढेही घरचेच. अख्खं शहर एकाच वेळी एकाच भीतीने दारं लावून बसतं, तेव्हाचा नवस कोणी बोलायचा? साथ ओसरल्यावर तो कोणी फेडायचा? गेली काही वर्षं हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

व्हिएन्नाच्या त्या चर्चकडे जरा जवळून बघू. समोर दोन प्रचंड खांब आहेत. रोममधल्या ट्रेजन सम्राटाच्या विजयस्तंभासारखी या खांबांभोवतीही एक शिल्पपट्टी गोल गोल वर चढत जाते. ट्रेजनच्या स्तंभावर लढाई कोरली आहे, सैनिक आहेत, हरलेले शत्रू आहेत. इथे त्याच जागी एका धर्मगुरूचं चरित्र आहे. आजाऱ्यांजवळ थांबलेला माणूस कोरायला इथे विजयस्तंभ वापरला आहे, आणि या वास्तूत मला सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. खांबांच्या माथ्यावर सम्राटाने आपली राजचिन्हं बसवली, म्हणजे आभारात स्वतःचा डौलही मिसळला. ते मला खटकतं. तरी खांबभर जे कोरलं आहे ते राजाचं नाही, हे त्याच्याही बाजूने मांडलं पाहिजे.

सम्राट ज्याला नवस बोलला तो हाच धर्मगुरू, कार्लो बोरोमेओ, मिलानचा आर्चबिशप. १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेग शिरला तेव्हा बडी मंडळी शहर सोडून गेली. बोरोमेओ गेला नाही. तो आजाऱ्यांच्या झोपड्यांत जात राहिला. स्वतःजवळचा पैसा संपल्यावर त्याने वाड्यातले भरजरी पडदे उतरवून गरिबांना त्यांचे कपडे शिवून दिले. सरकारने लोकांना घरांत कोंडलं होतं आणि चर्चची दारं बंद होती. म्हणून त्याने चौकाचौकांत उघड्यावर वेदी मांडायला लावली, खिडकीत उभं राहिलं तरी प्रार्थना दिसावी म्हणून. पुढे त्या चौकांत खांब आणि खांबांवर क्रूस उभे राहिले. खिडकीशी उभं राहून रिकामा रस्ता बघणं काय असतं ते २०२० सालानंतर आपल्याला वेगळं सांगायला नको.

चौकातला हा क्रूस मी इथे मुद्दाम सांगतो आहे, कारण प्लेगमध्ये उभारलेले क्रूस आपल्यापासून चार तासांच्या अंतरावर, वांद्र्यात आहेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या अंगावरची गाठ पाहून हा प्लेग आहे असं निदान केलं. वखारींतून उंदीर मरून पडत होते, मग माणसं पडू लागली. काखेत किंवा जांघेत गाठ, सणसणून ताप, आणि चार-पाच दिवसांत खेळ खलास. लोक मिळेल त्या गाडीने मुंबई सोडू लागले आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गावोगाव गेला. वांद्रे तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेरचं. तिथे ईस्ट इंडियन समाजाची जुनी गावठाणं होती. या लोकांची बोली मराठीच, धर्म ख्रिस्ती आणि जगणं शेती-मासळीवर. प्लेगच्या त्या वर्षांत रानवार, चिंबई, पाली अशा वाड्या-पाखाड्यांतून लोकांनी दगडी क्रूस उभारले. कुठे साथीने आपल्या वाटेला येऊ नये म्हणून, तर कुठे घर वाचलं म्हणून.

या क्रुसांना पैसा लागला तो पाखाडीतल्या लोकांचा. चौथरा, त्यावर क्रूस आणि खाली कोरलेलं साल, एवढंच. काहींवर शिडी, हातोडा, खिळे अशी येशूच्या अखेरच्या दिवसाची चिन्हं बारीक कोरलेली दिसतात. दगड काळवंडला आहे, चुन्याचे आणि रंगाचे थर चढून कोरीवकाम बुजत चाललं आहे. शेजारी दुचाक्या लागतात. पण गळ्यात झेंडूची ताजी माळ असते. मे महिन्यात संध्याकाळी पाखाडीतले लोक क्रुसापाशी जमून रोझरी म्हणतात, आणि झाल्यावर उकडलेले चणे वाटतात. ते चणे मुठीत घेऊन पळणाऱ्या पोरांना १८९६ साल माहीत असेलच असं नाही. पण त्या सालाच्या दगडापाशी ती उभी राहून गेली, एवढं तरी होतं.

व्हिएन्नाचा घुमट सत्तर मीटर उंच आहे, वांद्र्याचा क्रूस पुरुषभर. मला विचाराल तर दोन्हींची किंमत एकच, आणि कधी कधी तर दुसऱ्याची अधिक. राजा फर्मान काढून बांधतो. इथे ज्यांच्या घरातून कालच कोणी गेलं होतं त्यांनीच वर्गणी काढली.

यावर एक प्रश्न उठतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. आभार कशाचे? जे वाचले ते आभार मानणार, पण जे गेले त्यांच्या घरच्यांनी काय मानायचं?

याचं उत्तर मला व्हेनिसच्या गोष्टीत सापडतं. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये व्हेनिस शहरात चाळीस हजारांहून अधिक लोक मेले. दर तीन-चार माणसांमागे एक. तिथल्या सिनेटने सांता मारिया देल्ला सालूते हे चर्च बांधायचा ठराव केला तो ऑक्टोबर १६३० मध्ये. साथ तेव्हा भरात होती आणि संपायला आणखी वर्ष होतं. ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांतल्या कोणालाही आपण वाचणार की नाही हे ठाऊक नव्हतं. शहराचा प्रमुख निकोलो कोंतारिनी १६३१ च्या एप्रिलमध्ये वारला. पायाभरणी नुकतीच झाली होती. बाल्दास्सारे लोंगेना या तिशीतल्या वास्तुकाराला काम मिळालं. खाजणातल्या चिखलात लाकडी खांब ठोकठोकून त्याने पाया घातला आणि हयातभर ते काम चालू ठेवलं. १६८२ मध्ये तो गेला. चर्चचं अर्पण झालं १६८७ मध्ये. ज्यांनी नवस बोलला आणि ज्याने बांधलं, त्यांच्यापैकी बहुधा कोणीच फेड पाहिली नाही. तेव्हा हा वाचलेल्यांचा आनंदसोहळा होता असं म्हणता येत नाही. मेलेल्यांनी बोललेलं देणं मागच्यांनी अंगावर घेतलं आणि चुकतं केलं. ज्यांचं माणूस गेलं त्यांनाही अशा आभारात उभं राहता येतं.

हे लोक भाबडे होते असंही समजू नका. साथीच्या रोग्यांना बेटावर वेगळं ठेवणारं कायमचं रुग्णालय व्हेनिसने १४२३ मध्येच काढलं होतं. बाहेरून आलेली जहाजं, माल, माणसं चाळीस दिवस रोखून धरायची शिस्त या शहराने जगाला घालून दिली. नवस बोलले म्हणून नाकाबंदी उठवली, असं त्यांनी केलं नाही. प्लेगचा जंतू सापडायला १८९४ साल उजाडावं लागलं आणि पिसूचा वाटा कळायला १८९८. तोवर कोणाच्याच हाती खात्रीचं औषध नव्हतं. जे करण्यासारखं होतं ते करून झाल्यावर हात जोडणं याला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही.

आजही २१ नोव्हेंबरला व्हेनिसचे लोक मोठ्या कालव्यावर त्या दिवसांपुरता पूल टाकतात आणि चालत जाऊन सालूतेत मेणबत्ती लावतात. त्या दिवशी घरोघर खारवलेल्या-वाळवलेल्या मटणाचा कोबी घातलेला रस्सा होतो, त्याला कास्त्रादिना म्हणतात. साथीच्या दिवसांत समुद्रापलीकडच्या डाल्मेशियाच्या लोकांनी या शहराला अन्न पोचवणं थांबवलं नाही, त्याची ही आठवण, असं तिथे सांगतात. म्हणजे देवाचे आभार चर्चमध्ये आणि अन्न पोचवणाऱ्यांचे आभार ताटात. ही दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते.

याच्या अगदी उलट चित्र जुन्या गोव्यात आहे. बॉम जेझुस, सांत काजेतान, एकाहून एक भव्य चर्चं. पण त्यांच्या भोवतीचं शहरच नाही. पटकी आणि हिवतापाच्या साथींनी ते पोखरलं, व्हॉइसरॉय मुक्काम हलवत पणजीला गेला आणि १८४३ मध्ये पणजीच राजधानी झाली. जिथे शहर वाचलं तिथे चर्च उभं राहिलं. इथे चर्चं उरली आणि शहर गेलं. साथीचा निकाल नेहमी माणसाच्या बाजूने लागतो असं कोणी समजू नये.

आता आपल्याकडे येऊ. प्लेगने नाशिकला सोडलं नव्हतं. उंदीर पडू लागले की लोक घराला कुलूप लावून माळावर झोपड्या घालून राहत. १८९९ मध्ये भगूरला दामोदरपंत सावरकर प्लेगने गेले, पाठोपाठ त्यांचे भाऊही. धाकटा मुलगा नारायण आजारी पडला. त्याला नाशिकला आणलं, थोरले बाबाराव त्याच्या शुश्रूषेला राहिले आणि त्यांनाही प्लेगने गाठलं. दोघे वाचले. सोळा वर्षांचे विनायकराव आणि बाबारावांची पत्नी येसूवहिनी यांचे ते दिवस कसे गेले असतील याची कल्पनाही करवत नाही. हे घर पुढे प्रसिद्ध झालं म्हणून त्याची हकिगत राहिली. त्याच वर्षी जिल्ह्यातल्या किती घरांत असंच झालं असेल, त्यांची नावं आपल्याकडे नाहीत. देशभरात त्या प्लेगने एक कोटीहून अधिक माणसं नेली.

गावाने मिळून साथीला सामोरं जायची रीत आपल्याकडे नव्हती असं नाही. वेशीबाहेरची मरीआई त्यासाठीच होती. तिला दहीभाताचा नैवेद्य अख्ख्या गावाचा असे. खानदेशात अजून मरीमातेच्या यात्रेत बारागाड्या ओढतात. पण त्या रिवाजाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोतराज स्वतःच्या पाठीवर आसूड ओढून घेई तो साऱ्या गावासाठी, आणि तो ज्या जातींतून येई त्यांना गाव वेशीच्या आत राहू देत नसे. साथ गेली की आभार देवीचे, आणि पोतराजाच्या वाट्याला पुन्हा तीच वेस. बोरोमेओला खांबावर कोरणाऱ्यांपेक्षा आपण इथे कमी पडलो.

बोरोमेओच्या तोडीची माणसं आपल्याकडे नव्हती असं तर मुळीच नाही. सावित्रीबाई फुले पुण्याजवळ, मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात प्लेगचे रोगी आणून त्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर टाकून आणलं. तो लागट रोग त्यांना झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पाठीवर पोर घेतलेल्या सावित्रीबाई एखाद्या उंच स्तंभावर कोरलेल्या मला बघायच्या आहेत. शाळेतल्या सावित्रीबाई आपण सगळीकडे पाहतो. प्लेगमधल्या सावित्रीबाईही तितक्याच ठळक दिसायला हव्यात.

आणि आता अगदी कालची गोष्ट. २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, मुंबईहून निघालेले मजूर कसाऱ्याचा घाट चढून मुंबई-आग्रा रस्त्याने इगतपुरी, नाशिक, चांदवड असे चालत होते. पोरं कडेवर, बोचकं डोक्यावर. रस्त्याकडेच्या गावांनी त्यांना खिचडी, पोळी-भाजी, पाणी, चपला दिल्या. गुरुद्वारांनी लंगर लावले. १ मेच्या रात्री नाशिकरोड स्टेशनवरून मजुरांना घेऊन भोपाळला खास गाडी सुटली. मग आली दुसरी लाट. बेड आहे का, रेमडेसिविर कुठे मिळेल, सिलिंडर कोणाकडे आहे, एवढाच शहराचा जप होता. अमरधामात जागा पुरत नव्हती. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले.

आमच्या गल्लीतली पोरं तेव्हा रात्री-अपरात्री सिलिंडर भरून आणायला रांगेत उभी राहत होती. एकाच्या खांद्याला सिलिंडर वाहून घट्टे पडले होते. पुढे तो कामासाठी दुसऱ्या गावी गेला. ज्या आजीसाठी तो धावला त्या वाचल्या आणि आज नातवाला शाळेत सोडायला जातात. त्या पोराचा गल्लीने कधी एकत्र जमून सत्कार केला नाही, आणि गेलेल्यांची नावं एकत्र कधी वाचली नाहीत. साथ ओसरली तसे आपण सगळे घाईघाईने बाहेर पडलो, लग्नं केली, फिरायला गेलो. ती घाई मला कळते. पण नवस न फेडता उठल्यासारखं झालं आहे, आणि देणं शहराच्या नावावर तसंच पडून आहे.

नाशिकमध्ये सिंहस्थाची कामं चालू आहेत. घाट, रस्ते, पूल यांवर मोठा पैसा खर्च होतो आहे. त्यात गोदाकाठी एका दगडाला जागा मिळावी. सत्तर मीटरचा घुमट नको, वांद्र्याच्या क्रुसाएवढा, पुरुषभर उंचीचा साधा दगड पुरे. त्यावर १८९९, २०२० आणि २०२१ ही सालं कोरावीत. त्याखाली परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, स्मशानातले कर्मचारी, सिलिंडर वाहणारे आणि हायवेवर अन्न वाटणारे, असा ज्यांचे ज्यांचे आभार शहराने मानायचे राहिले त्यांचा उल्लेख असावा. दरवर्षी २१ एप्रिलला तिथे जमावं, गेलेल्यांची नावं वाचावीत आणि येईल त्याला खिचडी वाढावी. कोणत्या धर्माच्या पद्धतीने, हा वाद घालायची गरज नाही. ती साथ कोणाचा धर्म विचारून आली नव्हती आणि सिलिंडर आणणाऱ्या पोरांनीही तो विचारला नव्हता. ही मागणी आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे लेखी द्या. दगड उभा राहीपर्यंत थांबू नका. त्या दिवसांत तुमच्या दारात औषध, डबा किंवा सिलिंडर घेऊन जो आला होता, त्याला आजच फोन करा.